व्यायाम सकाळचाच हवा का?

इंदूरच्या नेहरू पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा मराठी बायकांमध्ये सध्या एक समज मूळ धरू लागला आहे : सकाळी आठ ते दहा या वेळेत व्यायाम केला, तर बायकांचे कर्करोग टळतात. त्या वेळी डबे आणि शाळा यांत अडकलेली माझी वहिनी संध्याकाळी चालते, आणि तिने मला विचारले, "ताई, मग माझं चालणं वायाच का?"

या समजाचे मूळ 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात असावे. त्यात या वेळेत व्यायाम करणाऱ्यांमध्ये स्तनाचा आणि पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग काहीसा कमी आढळला. मात्र स्त्रियांमधील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हता आणि गर्भाशय किंवा अंडाशय यांचा त्यात विचारच नव्हता. शिवाय सकाळचे दोन तास ज्यांना मोकळे मिळतात, त्यांची झोप, आहार आणि एकूण सवडही बहुधा वेगळी असते, हे विसरून कसे चालेल?

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. पाळी थांबल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) जवळजवळ मिळेनासे होते, पण शरीरातील चरबी ते तयार करीत राहते, आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा लगाम नसल्याने अस्तराच्या पेशी वाढत जातात. नियमित हालचाल करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा धोका सुमारे 20 टक्क्यांनी कमी आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवताना सलग दहा मिनिटांची जुनी अटही काढून टाकली आणि दिवसाची कोणतीही ठरावीक वेळ सांगितली नाही. त्यामुळे माझ्या मते वहिनीचे संध्याकाळचे चालणे आमच्या सकाळच्या चालण्याइतकेच मोलाचे आहे. उलट फिरून झाल्यावर आम्ही पोहे-जिलबीवर जो ताव मारतो, त्याचाच हिशेब आधी व्हायला हवा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण मात्र जवळजवळ नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. तेथे भरवसा ठेवायचा तो लस आणि तपासणी यांवर. चालण्याच्या वेळेचा तेथे काही संबंध नाही.

वहिनीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण पार्कातल्या गप्पांत ती कधी निघत नाही. पाळी बंद झाल्यानंतर रक्ताचा नुसता डाग दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. परंतु अस्तराचा कर्करोग झालेल्या बहुतांश स्त्रियांमध्ये रक्तस्राव हेच पहिले लक्षण असते, आणि सोनोग्राफी व गरज भासल्यास अस्तराचा नमुना तपासून तो लवकरच्या टप्प्यात ओळखता येतो.