ओजीला इंग्रजी कळत नाही

नायजेरियात लागोसमध्ये राहून चार वर्षं झाली तरी मी इग्बो लोकांच्या, म्हणजे देशाच्या आग्नेय भागातल्या एका मोठ्या समाजाच्या, गावी कधी गेले नव्हते. मागच्या ख्रिसमसला ऑफिसच्या स्टोअरकीपरनी, त्यांना आम्ही सगळे ओगा म्हणतो, आग्रह करकरून मला आणि नवऱ्याला त्यांच्या गावी नेलं. ख्रिसमसला इग्बो माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, गावी जातोच, आपल्याकडे कोकणातली माणसं गणपतीला जातात तस्सं. पहाटे पाचला निघालो आणि नायजर नदीच्या पुलावर ओनित्शाला असे काही अडकलो की चारही बाजूंनी छपरावर गाद्या, फ्रीज, जिवंत बोकड बांधलेल्या गाड्या, हॉर्न, आणि तरी सगळे खुशीत. गाव अनाम्ब्रा राज्यात आहे, पोचेपर्यंत रात्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी भावकी जमली. उमुन्ना म्हणतात, पण आपल्या भावकीशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही, एकाच मूळ पुरुषाची सगळी घरं. लाकडी ताटलीत ओजी आली. ओजी म्हणजे कोला नट, लालसर गुलाबी, साधारण चेस्टनटएवढी, आत पाकळ्या असतात. ती लगेच खायची नाही. ताटली आधी सगळ्या पुरुषांना दाखवत फिरवतात, कुणाच्या आधी कोण याचा क्रम ठरलेला, त्यात चूक झाली तर तिथल्या तिथे कुरबुर सुरू, आणि फिरून यजमानाच्या हातात परत आली की तो म्हणतो, राजाची ओजी राजाच्या हातात. हे मला लगेच खटकलं कारण आदल्याच दिवशी गाडीत ओगांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की इग्बो एन्वे एझे, इग्बोंना राजा नाही! मी विचारलं तर ते हसले, म्हणे आपापल्या घरात प्रत्येकजण राजाच की.

मग सगळ्यात वयस्कर आजोबांनी ओजी हातात धरून प्रार्थना म्हटली, इग्बोत. खोलीत निम्मे लोक अमेरिका-लंडनहून आलेले, इंग्रजी घडाघडा बोलणारे, पण इथे इग्बोच. ओजीला इंग्रजी कळत नाही अशी त्यांच्यात म्हणच आहे. मग फोडली. चार पाकळ्या निघाल्या आणि सगळ्यांचे चेहरे खुलले, कारण चार म्हणजे आठवड्याचे चार दिवस: एके, ओरिए, आफो, न्क्वो. त्यांचा मूळ आठवडा चार दिवसांचा, आणि दिवसांची नावं म्हणजे बाजारांची नावं. नायजेरियन आडनावं ऐकली असतील ना, ओकाफोर म्हणजे आफोच्या दिवशी जन्मलेला मुलगा, ओकोन्क्वो न्क्वोच्या दिवशीचा. ओगांचं आडनावही असंच एका बाजारावरून आलंय. म्हणजे मिशनऱ्यांच्या रविवाराआधीचं कॅलेंडर लोक अजून आडनावात घालून फिरतायत.

चव विचाराल तर कडू जहर. पण बरोबर ओसे ओजी म्हणून शेंगदाण्याची तिखट चटणी देतात आणि ती खाल्ल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आणि नंतर पाणी प्यायलं की आवळ्यानंतर लागतं तसं गोड. (पुरुषांना दाखवून झाल्यावर मला नुसतीच एक पाकळी मिळाली. बायकांनी ओजी फोडायची नसते म्हणे. यावर मी तिथे काही बोलले नाही, गाडीत परत येताना बोलले.)

आता मूळ मुद्दा. त्या गावापासून फार लांब नाही असं एक गाव आहे, इग्बो-उकू. तिथे १९३८-३९ च्या सुमारास आयझाया अनोझी नावाचे गृहस्थ आपल्या आवारात पाण्याची टाकी खणत होते आणि खाली ब्राँझच्या वस्तू लागल्या. त्यांना काही फार अप्रूप वाटलं नसावं, काही वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेल्या, मग जिल्ह्याच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कानावर गेलं. नीट उत्खनन झालं ते थेट १९५९-६० ला, थर्स्टन शॉ या पुरातत्त्वज्ञाने केलं, परत १९६४ ला. जागा तीन आणि नावं त्या त्या आवाराच्या मालकांवरून पडलेली, इग्बो आयझाया, इग्बो रिचर्ड, इग्बो जोना. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत शेजारच्या घरमालकांची नावं अजरामर झाली हे मला फार आवडतं.

मिळालं काय, तर तांब्या-ब्राँझच्या शेकडो वस्तू आणि दीड लाखाहून जास्त मणी, काचेचे आणि लाल अकीकाचे. काळ साधारण नववं ते अकरावं शतक. म्हणजे नायजेरियातल्याच इफे आणि बेनिन या जुन्या राज्यांच्या प्रसिद्ध ब्राँझच्याही आधी. युरोपीय जहाजं या किनाऱ्याला लागायला अजून चार-पाचशे वर्षं होती.

त्यातलं दोरीचं भांडं मी लागोसच्या ओनिकानमधल्या नॅशनल म्युझियममध्ये पाहिलंय. फूटभर उंच, बैठकीवर ठेवलेलं, आणि भोवती दोरीची जाळी, गाठींसकट, पीळ दिसतोय, वाटतं आत्ता कुणी माठ बांधून डोक्यावर उचलायला ठेवलाय. ती दोरी ब्राँझची आहे. मी दोनदा पाटी वाचली. शिंपल्यांच्या आकाराची भांडी आहेत, त्यांच्यावर इतकी बारीक जाळीदार नक्षी आणि त्या नक्षीत मध्येच इवल्या इवल्या माश्या बसलेल्या. मला सांगा, माशी कोण करतं? देव करतात, राजा करतात, बिबट्या करतात (तोही आहे एका शिंपल्यावर), पण माशी करायला कारागिराकडे निवांत वेळ आणि थोडा खट्याळपणा लागतो.

पद्धत आपल्या ओतारी लोकांना माहीत असलेलीच, आधी नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची, भाजायची, नमुना वितळून जातो आणि पोकळीत धातू ओतायची. इथे मेणाऐवजी झाडाचा चीक वापरला असावा असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. गंमत अशी की डाग देणं, रिव्हेट ठोकणं, तार ओढणं या जगात इतरत्र सर्रास चालणाऱ्या युक्त्या इथे जवळजवळ दिसतच नाहीत. जे दुसरीकडे ठोकून-जोडून केलं असतं ते यांनी ओतून केलंय, तुकड्यातुकड्याने, एक भाग ओतायचा, त्यावर पुढचा ओतायचा. म्हणून तज्ज्ञ म्हणतात की ही विद्या बाहेरून शिकून आलेली नाही, तिथेच वाढलेली आहे. आणि तांबं-शिसं? ते पूर्वी लोकांना सहाराच्या पलीकडून आलं असेल असं वाटायचं, नंतर शिशाच्या रासायनिक तपासणीतून अबाकालिकीच्या बाजूच्या खाणींशी मेळ लागला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवरच्या. मणी मात्र खरोखर लांबून आलेले, काच पश्चिम आशियाकडची, आणि अकीकाच्या बाबतीत तर काही अभ्यासकांनी आपल्या गुजरातेतल्या खंबातचंही नाव घेतलंय. त्यावर अजून वाद चालू आहे, पण माझा नवरा बडोद्याचा असल्याने घरात तो वाद निकालात निघालेला आहे.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट गाळायची नाही. इग्बो रिचर्ड ही एका मोठ्या माणसाची समाधी, त्याला मुकुट, दंडात मण्यांचे पट्टे घालून बसवून पुरलं होतं, सोबत हस्तिदंत, आणि वरच्या बाजूला निदान पाच माणसांचे अवशेष. ती काही आपखुशीने गेली नसणार.

हा माणूस कोण, तर बरेच अभ्यासक त्याचं नातं न्री या जुन्या इग्बो धर्मपीठाशी जोडतात. एझे न्री हा राजा कमी आणि धर्मगुरू जास्त, त्याच्याकडे सैन्य नव्हतं. त्याची माणसं कपाळावर इची नावाच्या रेघा कोरून घ्यायची, गावोगाव फिरायची, कुठे भूमीचा विटाळ झाला असेल तर शुद्धी करायची, भांडणं मिटवायची, पदव्या द्यायची. इग्बो-उकूच्या काही ब्राँझ चेहऱ्यांवर तशाच रेघा आहेत. आपल्याला कसं, जुनं वैभव म्हटलं की किल्ला, तलवार, सनावळी लागते, इथे तसलं काही सापडतच नाही, आणि ब्राँझ असं की तोंडात बोट जावं.

ब्रिटिशांनाही हेच कळेना, बोलायचं कुणाशी? गावात सभा भरते, सगळे बोलतात, साहेबाला एक माणूस हवा सही करायला. मग त्यांनी कागद देऊन सरकारी मुखिये नेमले, वॉरंट चीफ. १९२९ ला बायकांवर कर बसणार अशी कुणकुण लागली आणि ओलोको गावातून जो भडका उडाला तो हजारो बायकांपर्यंत गेला. त्यांची जुनी रीत होती, पुरुषावर बसणं, म्हणजे ज्याने आगळीक केली त्याच्या दारात जाऊन रात्रभर त्याची इज्जत काढणारी गाणी म्हणायची, नाचायचं, भिंती बडवायच्या. तेच त्यांनी त्या मुखियांच्या दारात केलं. सरकारने गोळ्या घातल्या, पन्नासहून जास्त बायका गेल्या. मुखियांची ती पद्धत मात्र त्यानंतर मोडीत निघाली. (ओजी फोडू न देणाऱ्यांना हे गाडीत ऐकवलं.)

आणि इग्बो ही ओळखही मला वाटलं होतं तेवढी सरळ नाही. पूर्वी माणूस स्वतःला आपल्या गावाचा म्हणवायचा, ओनित्शाचे लोक तर आतल्या भागातल्यांना इग्बो म्हणायचे, स्वतःला नाही. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्यांना अटलांटिकपलीकडच्या मळ्यांवर सरसकट एबो नाव पडलं. मग मिशनऱ्यांनी पाच बोलींची मिसळ करून १९१३ ला बायबल काढलं, ती भाषा कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. आणि मग बियाफ्रा, नायजेरियातून फुटून निघालेला इग्बोबहुल देश, त्याचं युद्ध १९६७ ते १९७०, लढाईपेक्षा उपासमारीने जास्त माणसं मेली. युद्धानंतर बँकेत कितीही असो, हातात २० पौंड. ओगांच्या वडिलांनाही तेवढेच मिळाले. ते हे सांगताना आवाज चढवत नाहीत, पण आकडा प्रत्येक वेळी सांगतात.

कदाचित म्हणूनच असेल, ओगा ठामपणे मानतात की इग्बो मूळचे इस्रायलहून आले. हे बरेचजण मानतात. मी त्यांच्याशी यावर खूप वाद घातलाय, की अहो ओगा, गोऱ्या लोकांनी इफेची शिल्पं बघून थेट अटलांटिसच्या गोष्टी सांगितल्या, इथल्या माणसांना हे जमेल हेच त्यांना पटेना, आणि तुम्हीही तेच करताय, मूळ बाहेरच शोधताय. तुमच्या अंगणात टाकी खणली तर दोरीचं भांडं निघतं. ते म्हणतात, मॅडम, तुम्ही जेवून घ्या.

येताना त्यांनी पिशवीभर ओजी दिली. गेल्या रविवारी मी बाल्कनीत बसून एक फोडली, शेंगदाण्याची चटणी घरची, आणि त्यांना फोन लावला की ओजीला इंग्रजी कळत नाही, मराठी कळते का? ते म्हणाले ते नंतर, आधी पाकळ्या किती निघाल्या सांगा.

तीन, मी म्हटलं.

तीन म्हणजे वीरांची, मॅडम, ती साहेबांना द्या, तुम्ही खाऊ नका.

मी म्हटलं ओगा, दोन खाऊन झाल्या.

ते खूप वेळ हसत होते.