ऑर्डर 42 लाखाची, कमिशन तीस हजार

आयटी पार्कमध्ये आमचं ऑफिस, कारखान्यांना सॉफ्टवेअर विकतो आम्ही. जानेवारी ते मार्चचं कमिशन एप्रिलच्या पगारात येतं. यावेळी स्लिपा आल्या आणि टीममधला एक नवा पोरगा, काटोलचा, लॅपटॉप घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आला, चेहरा पार उतरलेला. "ताई, मार्चच्या ऑर्डरचे दोन लाख बारा हजार यायला पाहिजे होते, तीस हजार आले. घरी सांगून बसलो ना मी."

मार्चमध्ये त्यानं बुटीबोरीच्या एका कारखान्याची ऑर्डर आणली होती, तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन, वर्षाला 12 लाख, म्हणजे 36 आणि 18 टक्के जीएसटी धरून पीओवर, म्हणजे कारखान्यानं दिलेल्या खरेदीच्या ऑर्डरवर, 42 लाख 48 हजार. त्याचे त्यानं पाच टक्के काढले. आता पाच टक्के हा रेट बरोबरच होता, वर्षाचा फिक्स पगार सहा लाख, व्हेरिएबल म्हणजे कमिशनचा भाग चार लाख, मिळून जे दहा त्याला ओटीई म्हणतात, म्हणजे टार्गेट पूर्ण झालं तर हातात येणारा आकडा, आणि वर्षाचं टार्गेट 80 लाख. चार भागिले ऐंशी, पाच टक्के. पण पाच टक्के कशाचे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मला खरा राग याचाच येतो. पोरांना दहा लाखाचं पॅकेज म्हणून बोलावतात, कमिशन कसं मोजणार त्या प्लॅनचं पत्र जॉईन झाल्यावर मेलवर येतं.

ते पत्र उघडलं आणि ओळ न ओळ वाचत बसलो. जीएसटी सरकारचा, तो गेला. तीन वर्षांपैकी पहिल्याच वर्षाची रक्कम धरतात, उरले 12 लाख. त्याचे साठ हजार, त्यातले अर्धे सहीवर आणि अर्धे कारखान्याचं पेमेंट आल्यावर. झाले तीस हजार, त्यातून टीडीएस कटणार ते वेगळंच. सहा महिन्यांत कस्टमरनं ऑर्डर कॅन्सल केली तर दिलेलं कमिशनही परत कापून घेणार, हेही तिथंच लिहिलेलं. पोरगा गप्पच झाला.

पण मी शेवटचं पान सोडलं नाही. तिथं अ‍ॅक्सिलरेटर होता, तिमाहीचं 20 लाखाचं टार्गेट ओलांडलं की वरच्या रकमेला दीडपट रेट. या ऑर्डरच्या आधी त्याचे 14 लाख झालेच होते, म्हणजे या 12 मधले सहा टार्गेटमध्ये गेले, त्याचे तीस हजार, आणि वरचे सहा साडेसात टक्क्यांनी, पंचेचाळीस हजार. एकूण पंचाहत्तर, अर्धे साडेसदतीस. स्लिपमध्ये सरसकट पाच टक्केच लावलेले! साडेसात हजार आत्ता कमी आणि पुढच्या हप्त्यातही तेवढेच कमी आले असते.

फायनान्सच्या मॅडमना पत्रातल्या त्या ओळीचा फोटो टाकून हिशोब मेल केला. त्यांनी वाद घातला नाही, शीटमध्ये फॉर्म्युला जुनाच राहिला होता म्हणाल्या, मे महिन्यात फरक देऊ. मग टीममधल्या बाकीच्यांनीही आपापल्या स्लिपा काढल्या आणि अजून एकाचा हिशोब चुकलेला निघाला.

या वर्षीच्या प्लॅनवर सह्या अजून व्हायच्या आहेत. काटोलच्या पोरानं सहीआधी मॅनेजरला मेल टाकलाय, तीन वर्षांच्या डीलमध्ये दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल कोणाच्या नावावर धरणार, आणि तोपर्यंत मी नोकरी सोडली तर पेमेंटवरचे अर्धे पैसे मिळतील की बुडतील, लेखी सांगा.