यकृताच्या गाठीचं अॅब्लेशन: खानापूर ते पुणे आणि परत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या माझ्या मामांच्या यकृतातली कॅन्सरची गाठ पुण्याला सुईने जाळून घेतली (यालाच अॅब्लेशन म्हणतात), त्याला आता काही महिने झाले. तेव्हापासून बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात. प्रश्न एकच असतो: "पोट न कापता करतात म्हणे, धोका नाही ना?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. माझं मत असं झालंय की सुई घालतानाचा धोका खरोखर कमी आहे. आपल्या भागातल्या माणसाने जपायचं ते घरी परतल्यानंतरचे दोन-तीन आठवडे. तेव्हा ज्यांनी उपचार केले ते डॉक्टर साडेतीनशे किलोमीटरवर असतात आणि हाताशी असतो फक्त गावातला मेडिकलवाला.

मामांना हिपॅटायटिस बी जुना. त्यातून सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कडक झालेलं. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी ते कुरकुरत का होईना, पण करत आले आणि त्यातच एक गाठ दिसली, अडीच सेंटिमीटरच्या आतली. मग बेळगावात तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन झाला. शिरेतून औषध सोडल्यावर अशी गाठ आधी उजळते आणि थोड्या वेळाने भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट दिसू लागते. सिऱ्होसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल तर तुकडा काढून तपासायची गरज बहुधा पडत नाही. मामींना हे काही केल्या पटेना. डॉक्टरांनी समजावलं की तुकडा काढताना रक्तस्राव होऊ शकतो, सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचीही थोडी भीती असते, मग गरज नसताना ते कशाला?

आधी बेळगाव-हुबळीत चौकशी कराच. आमची गाठ यकृताच्या अगदी वरच्या टोकाला, श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला) लागून होती. हे काम नेहमी करणाऱ्यांकडेच जा, असा सल्ला मिळाला. पुण्यात मावशीचं घर होतं, भाषेचा प्रश्न नव्हता, म्हणून पुणे ठरलं.

जाताना आम्ही गाडीने गेलो. काकती, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी नाका इथपर्यंत रस्ता झकास. कागलच्या पुढे रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते असतात, त्यामुळे दोन तास जादा धरून निघा. खरं सांगायचं तर आजारी माणसाला रेल्वे बरी. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावला थांबते, मात्र ती आठवड्यातले ठरावीक दिवसच धावते. अपॉइंटमेंट त्या हिशेबाने मागा, बहुतेक ठिकाणी देतात.

सीटीची नुसती फिल्म नेऊ नका, सीडी न्या. तिथले डॉक्टर गाठ संगणकावर फिरवून, सगळ्या बाजूंनी बघूनच सुईची वाट ठरवतात. सीडी नसेल तर स्कॅन पुन्हा करायला लागतो, आणि पैशापेक्षा किडनीला पुन्हा त्या औषधाचा मारा बसतो. रक्ताच्या तपासण्या बेळगावातच करून नेल्या तरी चालतात. साधारण प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) दीडच्या आत हवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे निघण्याआधी फोनवर विचारा, नाहीतर मुक्काम वाढतो. पोटात पाणी असेल किंवा कावीळ असेल तर आधी ते आवरतात. यकृत फारच खचलेलं असेल तर हा उपचार करतच नाहीत. आणि एक गोष्ट न विचारताच सांगा: पित्तनलिकेचं ऑपरेशन झालं असेल किंवा तिथे स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) असेल, तर आतड्यातले जंतू वर चढलेले असतात आणि जाळलेल्या जागी पू होण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी ही गोष्ट शेवटच्या क्षणी सांगितली आणि त्यांची तारीख पुढे गेली.

आकड्यांबद्दल बोलू, कारण सगळ्यांना तेच हवे असतात. सुई तापवायच्या दोन पद्धती आहेत, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह. इटलीतल्या ४१ केंद्रांनी रेडिओफ्रिक्वेन्सीने केलेल्या २,३२० रुग्णांचा हिशेब २००३ मध्ये मांडला होता. त्यात मृत्यू ०.३ टक्के आणि मोठी गुंतागुंत २.२ टक्के होती. मायक्रोवेव्हचा तसाच हिशेब २०१२ मध्ये आला: ७३६ रुग्ण, मृत्यू एकही नाही, मोठी गुंतागुंत २.९ टक्के. कडक यकृताचा भाग कापून काढण्याच्या मानाने हे फारच कमी. पण हे आकडे सरासरीचे असतात. आपल्या माणसाची गाठ नेमकी कुठे आहे, ते विचारायचं. आतड्याला चिकटून असेल तर आतडं भाजू शकतं, मुख्य पित्तनलिकेजवळ असेल तर ती आकसते, श्वासपटलाखाली असेल तर छातीत पाणी किंवा हवा भरते. मोठ्या रक्तवाहिनीला खेटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि गाठीची कड जिवंत राहते. यावर उपाय आहेत. आमच्याकडे यकृत आणि श्वासपटलाच्या मध्ये पाणी सोडून जागा केली, मगच सुई तापवली. आकाराचंही तसंच. तीन सेंटिमीटरच्या आत निकाल उत्तम, पुढे घसरत जातो. आणखी एक प्रश्न विचारायला लाजू नका: रात्री रक्तस्राव झालाच तर तो थांबवणारं पथक याच इमारतीत आहे का?

प्रत्यक्ष उपचाराबद्दल सांगण्यासारखं फार नाही. भूल दिली, सोनोग्राफी आणि सीटीवर बघत सुई घातली. तापवायला काही मिनिटंच लागतात, बाकीचा वेळ नेम धरण्यात जातो. गाठीभोवतीचं अर्धा-एक सेंटिमीटर चांगलं यकृतही मुद्दाम जाळतात, म्हणजे कडेला काही उरत नाही. मामा शुद्धीवर आले तेव्हा पोटावर एक चिकटपट्टी तेवढी होती. दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, "एवढंच व्हय? मग रात्रीच्या गाडीनं जाऊया की घरला."

इथेच अडवायचं. डिस्चार्ज मिळाला तरी दोन-तीन दिवस त्याच शहरात राहा. लॉज घ्या, पाहुण्यांकडे राहा, पण राहा. रक्तस्राव व्हायचा असेल तर बहुधा पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच कळतो, आणि तो खंबाटकी घाटात कळू नये.

उजवा खांदा दुखतो. मामांनी उशीला दोष दिला, पण ते दुखणं श्वासपटलाचं असतं. बारीक ताप, अंग मोडून येणं, अन्नावरची वासना जाणं, हेही चार-आठ दिवस चालतं. जळलेल्या पेशी शरीर निपटत असतं. गावाकडे पंचाईत होते ती या काळात. ताप दिसला की कोणीतरी कमरेत इंजेक्शन टोचून आणतं, नाहीतर मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते. त्या जोडगोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक असतं. सिऱ्होसिसच्या माणसाच्या किडनीला ते घातक आणि रक्तस्रावालाही आमंत्रण. पॅरासिटामॉल चालतं, तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, आणि तेही आपल्या डॉक्टरांना विचारून. मामींनी घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्यांची पुडकी उचलून फेकून दिली, छान केलं.

आता ज्यासाठी थांबायचं नाही ते. आठवडा उलटल्यावर थंडी वाजून चढलेला ताप म्हणजे पू झाला असण्याची शक्यता, आणि तो तीन-चार आठवड्यांनीही होऊ शकतो. वाढत जाणारी पोटदुखी, चक्कर येऊन घाम फुटणं, दम लागणं, डोळे पिवळे होणं, काळं शौच, गोंधळल्यासारखं बोलणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुण्याची वाट धरू नका. सीटी आणि रक्ताची सोय असलेलं बेळगावातलं रुग्णालय आधीच ठरवून ठेवा. निघण्यापूर्वीच तिथल्या पोटविकाराच्या डॉक्टरांना एकदा भेटून ठेवलं तर फारच उत्तम. परतल्यावर डिस्चार्ज कार्डाची प्रत त्यांच्याकडे द्या आणि पुण्याच्या डॉक्टरांना सांगा की गरज पडली तर हे तुम्हाला फोन करतील. आम्ही असं केलं. एका रात्री तापाच्या भीतीने बेळगावला धावलोही. फुप्फुसाखाली थोडं पाणी निघालं आणि ते आपोआप ओसरलं.

पैशाचं थोडक्यात. आरोग्य कर्नाटकचं कार्ड राज्याबाहेर चालेल असं गृहीत धरू नका, आपल्या जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला होता. तुमचं गाव त्या यादीत असेल तर पुण्या-कोल्हापुरातल्या योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा आणि हा उपचार पॅकेजमध्ये बसतो का ते भरती होण्याआधीच लेखी घ्या. रेशनकार्ड, दाखले कन्नडमध्ये असतात. त्यांचं भाषांतर करून, सही-शिक्का घेऊन ठेवलेलं बरं.

महिन्याने पुन्हा सीटी होतो, मग दर तीन महिन्यांनी. तो बेळगावात करून सीडी पुण्याला पाठवली तरी चालते. पहिल्या रिपोर्टात डाग मूळ गाठीपेक्षा मोठा असतो. आमच्या घरात रडारड झाली होती, पण जाळलेला घेर मोठाच असायला हवा. त्याची कड उजळते आहे का, एवढंच बघायचं असतं. या आजारात पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना यकृतात दुसरीकडे नवी गाठ येते, म्हणून स्कॅन चुकवायचा नाही आणि हिपॅटायटिसची गोळीही सोडायची नाही.

मामांच्या मुलांची आणि मामींचीही हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी खानापुरातच करून घेतली. ज्यांना लागण नाही त्यांच्यासाठी लस आहे, सहा महिन्यांत तीन डोस. धाकट्याचा तिसरा तेवढा राहिलाय.