तुम्ही विचारलेत म्हणून: शिंद्यांच्या त्या गाड्या

माझा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी घरातला आणि नोकरी पुण्यात झाली. त्यामुळे ओळख वाढली, की एक प्रश्न हमखास येतो. १८५७ साली जयाजीराव शिंद्यांनी पळून निघालेल्या मडमांना गाड्या देऊन आग्र्याच्या वाटेला लावले, ही फितुरीच नव्हे का?

जयाजीराव आणि त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे इंग्रजांच्या बाजूचे होते, हे मी नाकारत नाही. मात्र त्याचा पुरावा म्हणून या गाड्याच पुढे केल्या जातात, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतले ग्वाल्हेर कंटिंजंट हे सैन्य नावालाच शिंद्यांचे होते. महाराजपूर आणि पनियार येथे १८४३ च्या डिसेंबरात शिंद्यांची फौज हरली आणि पुढच्या महिन्यातल्या तहाने हे आठ हजारांच्या आसपासचे सैन्य उभे राहिले. खर्च शिंद्यांच्या मुलखातून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी त्याची बांधणी होती. त्यामुळे १४ जून १८५७ च्या रविवारी रात्री ते उठले, तेव्हा त्यांना आवरण्याचा अधिकारही विशीतल्या जयाजीरावांच्या हाती नव्हता.

त्या रात्रीचे वर्णन तेथील पाद्र्याची बायको रूथ कूपलँड हिने लिहून ठेवले आहे. भारतात येऊन तिला वर्षही झालेले नव्हते आणि ती गरोदर होती. मेजर ब्लेक यांच्या घरच्या मिर्झा नावाच्या नोकराने जिवावर उदार होऊन या मंडळींना अंधारात दडवले आणि शेवटी स्वतःच्या घरात नेले. सकाळी शिपायांनी त्यांना शोधून काढले. तिच्या नवऱ्याला गोळ्या घातल्या. तिला आणि बरोबरच्या बायकांना मात्र जाऊ दिले. ज्या शिपायांनी आदल्या रात्रीपासून अधिकारी टिपून मारले, त्यांनीच बायकामुलांवर सहसा हात टाकला नाही, हे फितुरीचा ठपका ठेवणाऱ्यांनी एकदा नीट ध्यानात घ्यावे. शिपायांनी सोडलेल्या बायका लष्कर या शिंद्यांच्या राजधानीच्या गावी पोचल्यावर जयाजीरावांनी त्यांना ठेवून घेतले नाही, गाड्या देऊन पुढे रवाना केले. मग यात शिंद्यांनी शिपायांहून वेगळे असे काय केले?

मुरैन्यापुढे चंबळेच्या पुलावर मी दर खेपेला गाडी थांबवतो. दोन्ही काठांना मातीची बेहडे, म्हणजे खोल घळ्या, पसरलेली, सावलीला झाड नाही, आणि जूनमध्ये पाऊस लागण्याआधी इथली लू, म्हणजे तापलेला वारा, तोंडावर चटका देते. या वाटेने ते लोक गेले. शिंद्यांच्या दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, पोलिटिकल एजंट मॅकफर्सन, यांच्याबरोबर निघालेल्या मंडळींना हिंगोण्यापाशी अडवले गेले, तेव्हा दंडोतिया ब्राह्मणांचे ठाकूर बलदेवसिंह आपली माणसे घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले. नदीपलीकडे धौलपूरच्या राण्याने मदत केली. फितुरीच म्हणायची, तर ती मिर्झापासून राण्यापर्यंत सगळ्यांच्याच माथी मारावी लागेल.

शिंद्यांनी इंग्रजांचे खरे काम केले ते यानंतर. आग्रा जवळ होते आणि कंटिंजंटला तिकडे कूच करायचे होते. दिनकररावांनी पगार, आश्वासने आणि चालढकल यांवर त्यांना महिनोन्‌महिने ग्वाल्हेरातच अडकवून ठेवले. तात्या टोपे यांनी त्यांना फोडून नेले आणि नोव्हेंबरात त्याच सैन्याच्या बळावर कानपुरापाशी इंग्रज सेनापती विंडहॅमला मागे रेटले. ते पावसाळ्यापूर्वीच आग्र्यावर गेले असते तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. जयाजीरावांना दोष द्यायचा तर तो या महिन्यांचा द्यावा.

पुढच्या वर्षी १ जूनला बहादूरपूरपाशी तात्या, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणीसमोर उभी राहिलेली जयाजीरावांची स्वतःची फौज त्यांना सोडून पलीकडे गेली. त्यांनी घोडा फिरवला, धौलपूर गाठले आणि तिथून आग्रा. त्याच महिन्यात इंग्रजांनी त्यांना गादीवर परत बसवले. किल्ला मात्र १८८६ पर्यंत आपल्याच ताब्यात ठेवला.