ईएसआयचा बेकारी भत्ता आणि तो कोड नंबर २ : माझा अनुभव

पहिलंच सांगून टाकतो. कामावरून कमी करताना कंपनी "राजीनामा लिहून द्या, हिशेब आठवड्यात करतो" म्हणाली तर सही करू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आमची कंपनी बेळगावच्या उद्यमबागेतली, नाव नको. कास्टिंगवर मशीनिंग करून पार्ट बाहेर पाठवायची. मोठ्या गिऱ्हाइकानं ते काम व्हिएतनामला नेलं आणि आमची लाइन बंद. कंपनी चालूच आहे, फक्त आम्ही बाहेर. माझ्या वेळी १९४७ चा इंडस्ट्रियल डिस्प्यूट्स ॲक्ट होता, त्यानं महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार आणि पुऱ्या झालेल्या दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार मिळायचा, तो मिळाला. ग्रॅच्युइटी पण आली. त्यात सांगण्यासारखं काय नाही.

अडकलं ते ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, भत्त्यात. सगळ्यांना माहीत असते ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ ची, जास्तीत जास्त ९० दिवस पैसे, २०२० पासून निम्मी रोजी, त्याआधी पाव होती. खरं दुसरी एक आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची, तिचं नावच कोण घेत नाही. कारखाना बंद झाला किंवा कायद्यानं कपात झाली (म्हणजे कंपनीनं कामावरून कमी केलं, रिट्रेंचमेंट) तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता, पहिले १२ महिने निम्मी रोजी, पुढचे १२ पाव. म्हणजे समजा ६०० रोजी असेल तर पहिल्या वर्षी दिवसाला ३००. वर घरच्यांचं औषधपाणी. मला ही हवी होती.

ईएसआयच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो, खिडकीवरच्या बाईंनी इन्शुरन्स नंबर टाकला आणि स्क्रीन बघून म्हणाल्या, "तुम्ही तर स्वतः नोकरी सोडलाय." मी म्हटलं बाई, मला काढलंय, हे बघा पत्र. "सिस्टीममध्ये तसं नाही." संपलं.

तर भानगड अशी. कंपनी दर महिन्याला ईएसआयची वर्गणी भरते तेव्हा ज्याचे दिवस शून्य, त्याच्यापुढं कारणाचा कोड टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कपात. आमच्या एचआरनं झाडून सगळ्यांना २ टाकला होता. ज्यांनी राजीनामा दिला त्यांनाही २ आणि ज्यांच्या हातात कपातीचं पत्र त्यांनाही २. विचारलं तर "अहो आम्ही सगळ्यांना तेच टाकतो, त्यानं काय होतंय." काय होतंय! ऑफिस म्हणतंय कंपनीनं दुरुस्त करून द्यावं, कंपनी म्हणतीय एकदा भरलेलं आमच्या हातात नाही ऑफिसातनंच होतं, आणि मी मधे पाण्याची बाटली घेऊन बाकड्यावर, जेवणाची सुट्टी कधी संपते बघत. एचआरचा तो पोरगा नंतर माझा फोनच उचलेना. वॉचमन ओळखीचा होता करून गेटच्या आत तरी जायला मिळायचं.

शेवटी लेबर ऑफिसात तक्रार द्यायची ठरलं. तिथं कन्नडात दिली तर लवकर हलते, हे चांगलं की वाईट त्यात पडत नाही, काम व्हायला पाहिजे. आमच्याच लाइनवरचा हुक्केरीकडचा दोस्त, त्यानं सुंदर कन्नडात लिहून दिली, आम्ही मराठी पोरांनी खाली सह्या केल्या. सगळ्यांनी मिळून एकच तक्रार दिली हे फार बरं झालं, एकट्यादुकट्याचा कागद खाली जातो. तिथनं कंपनीला पत्र गेलं आणि जे एवढे दिवस "हातात नाही" होतं ते हातात आलं, लेटरहेडवर लिहून दिलं की या कामगारांची कपात केली आहे, राजीनामा नाही. मग रेकॉर्ड दुरुस्त झालं.

भाच्यानं वाचून सांगितलं, अमेरिकेत काम परदेशी गेलं म्हणून बेकार झालेल्यांसाठी वेगळी सरकारी योजनाच होती, ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, १९६२ पासून. तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा, आणि काम खरंच बाहेर गेलं का याची चौकशी सरकार करायचं. तिथंही जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलंय म्हणे. आमच्याकडं काम व्हिएतनामला गेलं की चंद्रावर, कोण विचारत नाही. कोड विचारतात.

पैसे आले त्या दिवशी बँकेचा मेसेज मी बायकोला दोनदा वाचायला लावला. नंतर शिनोळीला काम लागलं आणि भत्ता थांबला, तो थांबतोच, लपवू नका.

आठवलं तसं सांगतो. कपातीच्या पत्रात कारण स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "सेवा समाप्त" चालत नाही. ज्यांनी राजीनाम्यावर सही केली त्यांना ही दुसरी योजना मिळाली नाही, त्यातले दोघं माझ्यापेक्षा जुने होते. बँक पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा. पीएफची एक्झिट डेट कंपनीनं टाकली नाही तर दोन महिन्यांनी स्वतः पोर्टलवर टाकता यायची, मी तशीच टाकली. आणि ईएसआयचं कार्ड लगेच टाकून देऊ नका, एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनला चालतो, नोकरी गेली तरी. कार्ड घेऊन जा आणि आधी पात्रता तपासायला सांगा.