हार्ड डिस्क किती वर्षं टिकेल?

"घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, टाकली तर चालेल का? चोवीस तास फिरून लवकर जाणार नाही ना?" सोसायटीचे सेक्रेटरी, मेडिकलवाले, शाळेतले क्लार्क, सगळे मला हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लागेल, चालूही होईल. पण मी ती बसवून देत नाही. चोवीस तास फिरण्याची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नाही, प्रश्न लिहिण्याचा आहे. चार कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) धरा. सेकंदाला २ एमबी, दिवसाला सुमारे १७३ जीबी, वर्षाला ६३ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कला कंपनी सहसा वर्षाला ५५ टीबीचा भार धरते, सीसीटीव्हीसाठीच्या डिस्कला १८०. म्हणजे चार कॅमेऱ्यांतच तुमची डिस्क हद्दीबाहेर गेली. शिवाय ती आधीच काही वर्षं वापरलेली.

माहितीपत्रकावर "१० लाख तास" असं लिहिलेलं असतं. त्याची ११४ वर्षं होतात, आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्या आकड्याचा खरा अर्थ असा, की हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर आठ-नऊ जातील. तुमच्या एका डिस्कबद्दल तो काहीच सांगत नाही. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला शंभरातल्या दोन ते चार डिस्क बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तर तेरापर्यंत.

त्याच वर्षी गूगलनेही आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. जास्त वापर आणि बिघाड यांचा संबंध त्यांना फक्त अगदी नव्या आणि अगदी जुन्या डिस्कमध्ये ठळक दिसला. उष्णतेचा परिणामही समजुतीपेक्षा कमी निघाला, पण तीन-चार वर्षं झालेल्या डिस्कना तो जाणवत होता. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते. तपासणीत पहिली स्कॅन एरर, म्हणजे डिस्कवरची वाचता न येणारी जागा, सापडली, की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता ३९ पटींनी वाढत होती.

म्हणून माझा आग्रह असतो: डिस्क कॉम्प्युटरला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि C5 ची ओळ बघा. ज्या सेक्टरचं, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचं, वाचन अडलंय, त्यांची ती संख्या. शून्य असली तर ठीक. शून्याच्या जागी आकडा आला आणि वरचा निळा "गुड" जाऊन पिवळा "कॉशन" दिसला, की त्या डिस्कवर रेकॉर्डिंग सोपवू नका. "फॉरमॅट मारून बघू" हा सल्ला हमखास मिळतो. फॉरमॅटनंतर आकडा कधीकधी शून्यावर येतोही, पण मी तरी तिच्यावर पुन्हा विश्वास टाकत नाही. उलट, आकडे स्वच्छ आहेत म्हणून निर्धास्तही राहू नका. गूगलच्या त्याच अभ्यासात बंद पडलेल्या अर्ध्याहून जास्त डिस्कनी बिघाडाच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

जागेचंही बघा. डीव्हीआर बऱ्याचदा पंपाच्या खोलीत, मोटरशेजारच्या फळीवर ठेवलेला असतो. झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर. डिस्कचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. मोटर सुरू झाली की फळी थरथरते, हेड ट्रॅकवरून हलतं आणि तेच लिखाण पुन्हा करावं लागतं. डीव्हीआर ऑफिसात हलवा, छोटा यूपीएस लावा. लिहिता लिहिता लाइट गेली तर चालू रेकॉर्डिंग अर्धवट राहतं आणि फाइल खराब होते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. डिस्क मेली तरी टीव्हीवर कॅमेऱ्यांचं चित्र दिसतच राहतं, कारण लाइव्ह चित्राला डिस्क लागत नाही. अलार्मचा बीप कोणीतरी कटकट म्हणून बंद करून ठेवलेला असतो. मग चोरी झाल्यावर, पोलीस फुटेज मागतात तेव्हा, कित्येक आठवड्यांचं रेकॉर्डिंगच नाही हे कळतं. महिन्यातून एकदा प्लेबॅकमध्ये जाऊन आठवड्यापूर्वीची रात्र चालवून बघा. आणि काही घडलंच, तर त्याच दिवशी तेवढं फुटेज पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावरच नवं लिहितो.