सीलिंगच्या आत कायमचा बंद होणारा जोड

फॉल्स सीलिंग नव्याने करताना दिव्यांच्या जागा बदलल्या, सॉकेटचा एक पॉइंटही सरकवला, आणि जुन्या केबल नव्या जागेपर्यंत पुरेनात. वायरमन म्हणाले, "पिळा मारून टेप लावतो, वर कोण बघायला जातंय?" वर कोणी बघायला जाणार नाही, याचीच मला धास्ती होती.

कारण जोड सैल झाला तर एमसीबी (प्रमाणाबाहेर करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. पिळलेल्या तारा काय किंवा स्क्रूचं टर्मिनल काय, तांबं दाबाखाली किंचित सरकतं, लोड आला की तापतं, गेला की थंड होतं, आणि पकड ढिली पडत जाते. समजा जोडापाशी ०.१ ओहम इतका रोध तयार झाला. १० अँपिअरला तिथे १० वॉट उष्णता होते, २० अँपिअरला ४० वॉट, तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत. एमसीबीला मात्र नेहमीचाच करंट दिसतो. भिंतीवरच्या बॉक्समध्ये असं झालं तर वास तरी येतो, झाकण काढून स्क्रू आवळता येतो. बंद सीलिंगमध्ये कोण आवळणार?

म्हणून आधी जोड टाळायच्या मागे लागलो. दिव्यांचं सोपं निघालं: स्प्रिंगवर बसणारा दिवा खाली ओढला की भोकातून हात जातो, मग तिथला जोड त्या भोकाजवळच्या साध्या बॉक्समध्ये घेतला. सॉकेटची केबल मात्र टाइल लावलेल्या भिंतीतून येत होती. बोर्डापासून नवी अखंड केबल ओढायची तर टाइल फोडाव्या लागल्या असत्या. सीलिंगला झडप ठेवायला मिस्त्री तयार होते, पण ती नेमकी कपाटाच्या वर आली असती. तेव्हा मेंटेनन्स-फ्री (एमएफ) जंक्शन बॉक्सकडे वळलो, म्हणजे एकदा बसवला की आतले जोड पुन्हा उघडून आवळावे लागत नाहीत असा बॉक्स.

ब्रिटनच्या वायरिंग नियमावलीत, म्हणजे बीएस ७६७१ मध्ये, कलम ५२६.३ सांगतं की प्रत्येक जोड तपासणीसाठी हाताशी असला पाहिजे. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यांतले काही असे: योग्य हत्याराने दाबून केलेला क्रिम्प, डाख दिलेला किंवा वेल्ड केलेला जोड, रेझिनमध्ये पूर्ण बुडवलेला जोड, आणि बीएस ५७३३ या ब्रिटिश मानकाप्रमाणे बनवलेला, वर्तुळात 'एमएफ' छापलेला बॉक्स. हा बॉक्स उत्पादकाच्या सूचनेनुसार बसवला तरच अपवाद लागू होतो. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि विकणारे तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात.

स्क्रूऐवजी स्प्रिंगने तार धरणारे कनेक्टर चांगलेच असतात. तांबं थोडं बसलं तरी स्प्रिंग दाब धरून ठेवते. पण नुसते कनेक्टर टेप गुंडाळून वर टाकले तर तो एमएफ जोड होत नाही. केबलच्या बाहेरच्या आवरणाला धरणारा क्लॅम्प, हत्याराशिवाय न उघडणारं झाकण, ठरलेलेच कनेक्टर, हे सगळं मिळून तो बॉक्स. पाइपमधून सुट्या तारा येत असतील तर क्लॅम्पला धरायला आवरणच नसतं, तिथे हा बॉक्स कामाचा नाही. शिवाय सुट्या कनेक्टरवर छापलेले अँपिअर आणि तोच बॉक्समध्ये बसवल्यावर चालणारे अँपिअर वेगळे असू शकतात. आम्ही बॉक्सच्या पत्रकातला आकडा धरला आणि एमसीबी त्याहून मोठा नाही ना, हे पाहिलं.

वायरमनना पत्रक वाचायला दिलं तेव्हा ते जरा नाराज झाले, पण काम त्यांनी फार नेटकं केलं. मेन बंद केल्यावर टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहिला, मग आमच्या केबलवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. वागो कंपनीच्या २२१ मालिकेतले चार चौरस मिलिमीटरपर्यंतचे कनेक्टर होते, त्यांना ११ मिलिमीटर सोलावं लागतं. मापाची खूण कनेक्टरवरच असते, तरी दादांनी पहिली तार अंदाजाने सोलली आणि तांबं बाहेर डोकावलं. कापून पुन्हा केली. कनेक्टर पारदर्शक असल्यामुळे तार शेवटपर्यंत गेलेली दिसते. तरीही प्रत्येक तार ओढून पाहिली. अर्थिंगच्या तारेलाही तसाच कनेक्टर लावला. बॉक्स लोंबकळत न ठेवता लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवला. उष्णतारोधक लोकर त्याच्यापासून दूर सारली.

सीलिंग बंद करण्याआधी तारांची सलगता तपासली, अर्थिंगसकट. मग सॉकेटला लागलेली सगळी उपकरणं काढून ५०० व्होल्टचा मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला. बीएस ७६७१ प्रमाणे इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम चालतो. नव्या कोरड्या वायरिंगला त्याहून खूप जास्त यायला हवा, आणि तसा तो आला. टेप-माप धरून बॉक्सचे फोटो काढले, दोन भिंतींपासूनचं अंतर कागदावर लिहून तो बोर्डाच्या दाराला आतून चिकटवला.

मेगरची चाचणी सीलिंगचे बोर्ड ठोकून झाल्यावर पुन्हा करायला सांगितली, तेव्हा दादा हसले. पण बोर्डाचा एखादा स्क्रू केबलमध्ये घुसला तर ते रंग लावण्याआधी कळलेलं बरं. आकडा पहिल्याइतकाच आला, मग रंगाऱ्यांना बोलावलं.